वाचकांचे प्रश्न : लाकडी घाण्याचा पहिला व्हिडिओ

प्रश्न : लातूरजवळ आमचा लाकडी घाण्याचा लहानसा व्यवसाय असून करडई, शेंगदाणा आणि तीळ यांचे तेल आम्ही काढतो. आजवरचे गिऱ्हाईक एकाने दुसऱ्याला सांगूनच जोडले गेले. आता व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामसाठी पहिला व्हिडिओ करावा असे वाटते. ड्रोनने शेताचे चित्रीकरण करावे, मागे गाजलेले चित्रपटगीत लावावे आणि ‘या तेलाने हृदयविकार होत नाही’ असे ठळक अक्षरांत दाखवावे, असे माझा भाचा सुचवतो. लग्नाचे चित्रीकरण करणारे आमचे परिचित पाच मिनिटांचा माहितीपट करू म्हणतात. खर्च बेताचा ठेवायचा आहे. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, लातूर

उत्तर : पहिल्या व्हिडिओपुरते तरी दोघांचेही ऐकू नये, असे आमचे मत आहे. आपले नाव ज्याने कधी ऐकलेले नाही, त्याला या व्हिडिओतून एकच गोष्ट पटायला हवी, ती म्हणजे हे तेल याच घाण्यावर, आपल्या हातून निघते. बाटलीवर ‘लाकडी घाणा’ छापलेले असले तरी तिच्यामागे खरोखर घाणा आहे का, ही शंका पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला असतेच, आणि ती दूर करण्याचे साधन आपल्या घरात रोज फिरते आहे. ड्रोनमधून दिसणारे शेत कोणाचेही असू शकते. उखळात फिरणारी लाट, म्हणजे घाण्याचा लाकडी दांडा, मात्र आपलीच असते. पाच मिनिटांचा माहितीपट जुने गिऱ्हाईक कौतुकाने पाहील, पण अनोळखी माणूस एवढा वेळ थांबत नाही. म्हणून ४० ते ५० सेकंदांचा, उभ्या चौकटीतला व्हिडिओ करावा आणि तो मोबाइलवरच चित्रित करावा.

सुरुवात नावाच्या पाटीने किंवा ‘नमस्कार मंडळी’ने करू नये. घाण्यातून भांड्यात पडणारी तेलाची धार अगदी जवळून दाखवावी. त्यानंतर ओंजळीतली करडई, फिरणारी लाट आणि बाजूला निघालेली पेंड अशी दृश्ये तीन-चार सेकंदांची असावीत. ताजे तेल गढूळ दिसते आणि काही दिवस ठेवल्यावर निवळते, हे घाणेवाल्याला ठाऊक असले तरी गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. त्यामुळे आज काढलेले आणि निवळलेले तेल दोन काचेच्या पेल्यांत शेजारी शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडासमोर धरावे. मागून उजेड आला की तेलाचा रंग खुलतो. आमच्या मते संपूर्ण व्हिडिओचा जीव या एका दृश्यात असेल, तेव्हा त्याला सात-आठ सेकंद द्यायला हरकत नाही. शेवटी आपण स्वतः समोर येऊन दोन वाक्ये बोलावीत आणि बाटली, भाव व फोन क्रमांक दाखवून थांबावे.

चित्रीकरण सकाळच्या उजेडात, शक्य तो दिवे बंद ठेवून करावे. आपल्याकडील विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने अनेक ट्यूब आणि एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण मोबाइल सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) टिपत असेल तर चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसू शकतात. दिवे लावावेच लागले तर मोबाइलमध्ये २५ चौकटींचा पर्याय किंवा शटरचा वेग १/५० सेकंद निवडावा. तेलकट बोट लागून भिंगावर धूसर थर बसतो आणि सारे चित्र धुक्यातल्यासारखे दिसते, म्हणून प्रत्येक दृश्यापूर्वी भिंग स्वच्छ सुती कापडाने पुसावे. घाण्यावर काम करणाऱ्यांच्या बाबतीत ही सूचना अनाठायी ठरू नये.

खर्च करायचाच तर तो आवाजावर करावा. हजार रुपयांच्या आसपास कॉलरला लावायचा साधा माइक मिळतो. बोलताना घाण्याची मोटर आणि पंखा दोन्ही बंद ठेवावेत. घाण्याची करकर वेगळी ध्वनिमुद्रित करून दृश्यांखाली जोडली, तर गाण्याची गरजच उरणार नाही. चित्रपटगीत तर टाळावेच, कारण ध्वनिमुद्रणावर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क असतो आणि व्यवसायाच्या जाहिरातीसाठी परवानगी लागते. इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खात्यांना बरीच लोकप्रिय गाणी त्यामुळेच वापरता येत नाहीत. पारंपरिक ओवी कोणाच्या मालकीची नसली, तरी तिचे दुसऱ्याने केलेले ध्वनिमुद्रण मात्र त्याचे असते. घरातल्या एखाद्या आजींनी ओवी म्हटली आणि ती आपणच टिपली, तर प्रश्न मिटतो. पुष्कळ जण आवाज बंद ठेवूनच पाहतात, म्हणून बोललेली वाक्ये खाली मराठीत लिहावीत आणि शुद्धलेखन कोणा जाणकाराकडून तपासून घ्यावे.

हृदयविकाराचे वाक्य कोणत्याही स्वरूपात घालू नये. खाद्यपदार्थामुळे रोग टळतो किंवा बरा होतो असा दावा करण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरातविषयक नियमांची मनाई आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘१०० टक्के शुद्ध’ हेही लिहू नये. असा शब्दप्रयोग टाळण्याचा सल्ला प्राधिकरणाने २०२५ मध्ये उत्पादकांना दिला आहे. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर निर्बंध असल्याने, गिऱ्हाइकाच्या किटलीत तेल ओतण्याचे दृश्य कितीही घरगुती आणि गोड वाटले तरी ते घेऊ नये. त्याऐवजी सीलबंद बाटली आणि तिच्यावरचा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक स्पष्ट दिसू द्यावा.

भाच्याचा उत्साह वाया घालवू नये. संकलनाचे काम त्याच्याकडे सोपवावे.

प्रश्न : घरगुती केकच्या व्यवसायासाठी आम्ही पैसे देऊन एक व्हिडिओ करून घेतला. आता त्यातला तुकडा दुसऱ्या जाहिरातीत वापरायचा आहे, तर चित्रीकरण करणारे ‘हक्क आमचा आहे, वेगळे पैसे द्या’ असे म्हणतात. हे बरोबर आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी आपसातील करार पाहावा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्रफीत तयार केली असेल आणि वेगळा करार नसेल, तर तिचा पहिला हक्क सांगणाऱ्याचा, म्हणजे आपला असतो. तयार व्हिडिओतील आपल्या चित्रीकरणाचा तुकडा वापरण्यास त्यामुळे सहसा अडचण येऊ नये. पार्श्वसंगीत मात्र दुसऱ्या कोणाचे असल्यास त्याची परवानगी स्वतंत्रपणे पाहावी लागेल. संकलनात न वापरलेले मूळ चित्रीकरण आपल्या हवाली करायचे की नाही, यावरून वाद होतात, ते वेगळेच. पुढच्या वेळी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मूळ चित्रीकरण मिळेल का, दुरुस्त्या किती वेळा करून मिळतील आणि संगीत कोठून घेतले आहे, हे तीन मुद्दे लेखी घ्यावेत. व्हॉट्सअॅपवर मान्य केलेला स्पष्ट मजकूरही काहीच नसण्यापेक्षा बरा.