पाऱ्याच्या फोटोसेन्सिटाइज्ड अभिक्रियेत फ्लॅश स्पेक्ट्रोस्कोपीचा खटाटोप कशाला?

फोटोसेन्सिटाइज्ड म्हणजे पारा प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा दुसऱ्या रेणूला देऊन अभिक्रिया घडवतो. अशा अभिक्रियेत शेवटी तयार झालेले वायू मोजले की यंत्रणा, म्हणजे अभिक्रिया कोणत्या पायऱ्यांनी झाली ते, कळतेच, मग फ्लॅश मारून मधले क्षणजीवी कण पाहायचेच कशाला, असं तुम्ही विचारलंय. हेच मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या गाइडनी ऐकवलं होतं, म्हणून लिहितोय.

क्वार्ट्झच्या नळीत पाऱ्याची वाफ आणि नायट्रोजन. पहिल्या फ्लॅशमधला २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून पारा ट्रिप्लेट पी-वन या उत्तेजित अवस्थेत जातो. नायट्रोजनच्या टकरींनी जरा कमी ऊर्जेच्या पी-झीरो अवस्थेत उतरतो आणि तिथे अडकतो. थोड्या मायक्रोसेकंदांनी दुसरा फ्लॅश मारायचा आणि त्याचा वर्णपट फोटोच्या प्लेटवर घ्यायचा, हीच फ्लॅश स्पेक्ट्रोस्कोपी. अडकलेला पारा ४०४.७ नॅनोमीटरला शोषण दाखवतो.

ती रेषा मी हायपोतून (प्लेट पक्की करणाऱ्या द्रावणातून) काढलेल्या ओल्या प्लेटवर पाहिली. गाइड म्हणाले, "हा बाहेरच्या ट्यूबलाइटमधला पारा. स्लिट (प्रकाश आत येण्याची फट) नीट झाकली नाहीस." आता, प्लेट निगेटिव्ह असते, म्हणून ट्यूबलाइटसारख्या उत्सर्जनाची रेषा तिच्यावर काळी उमटते. माझी रेषा काळ्या पट्ट्यात काचेसारखी स्वच्छ होती, म्हणजे शोषणाची! मी तेव्हा गप्प बसलो. रात्री नायट्रोजन काढून फ्लॅश मारला, रेषा गायब. नायट्रोजन भरून दोन फ्लॅशमधलं अंतर वाढवत नेलं, तर प्लेटगणिक रेषा फिकी होत गेली. ट्यूबलाइट असं करत नाही. तरीही थीसिसमध्ये शेवटचे वायू मोजणाऱ्या क्रोमॅटोग्राफचे तक्तेच राहिले, प्लेटा वगळायला लावल्या.

हायड्रोजनचंच घ्या. कारिओ आणि फ्रांकनी १९२२ साली दाखवलं की उत्तेजित पारा त्याचा रेणू फोडतो. पाऱ्याकडे मोलला ४७१ किलोज्यूल, बंध ४३६चा, म्हणजे दोन्ही अणू एकदम सुटू शकतात किंवा एक अणू पाऱ्याला चिकटून मर्क्युरी हायड्राइड होऊ शकतं. ते हायड्राइडही लगेच तुटतं. शेवटचा वायू मोजून हा फरक कसा सांगणार? फ्लॅशमध्ये हायड्राइडचा वर्णपट दिसला, तेव्हा तो रस्ता आहे हे कळलं. ही फ्लॅशची पद्धत काढणाऱ्या नॉरिश आणि पोर्टरना १९६७चं नोबेल उगाच मिळालं नाही. उत्पादांवरून यंत्रणा लिहिणं म्हणजे अंदाज, मग तक्ता कितीही सुबक असो.

एक मात्र सांगायला हवं. पी-वनचं आयुष्य जेमतेम ०.१२ मायक्रोसेकंद, ते मायक्रोसेकंदांच्या फ्लॅशने पकडता येत नाही. शिवाय फ्लॅशमध्ये रॅडिकल्सची (बंध तुटून सुटलेल्या अतिक्रियाशील कणांची) गर्दी होऊन ते एकमेकांशीच जास्त भिडतात, त्यामुळे ते आकडे साध्या दिव्याच्या प्रयोगाला जसेच्या तसे लावू नका. तुमच्या गाइडनी प्लेट नाकारली, तर नायट्रोजनविना घेतलेली प्लेट शेजारी ठेवा. मी तेव्हा ठेवली नाही.