ऑडिट म्हणजे नुसतं नाटक असेल तर त्यात करिअर कशाला करू?

पत्र आलंय ते थोडक्यात असं: "मॅडम, मी केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपला एका प्लँटच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये होते. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात तीन महिन्यांची रजिस्टरं एका बैठकीत भरलेली मी स्वतः बघितली. टँकमध्ये उतरण्याआधी गॅस टेस्ट करतात त्याचं ऑक्सिजनचं रीडिंग तर रोज २०.९, एक दिवस पण आकडा बदललेला नाही. ऑडिटर आले, फायली बघितल्या, सर्टिफिकेट कायम. मला हे क्षेत्र आवडतं, पण सगळं नाटकच असेल तर यात का शिरू? हातात दोन ऑफर आहेत. एक कन्सल्टन्सी आहे, कंपन्यांना आयएसओ सर्टिफिकेशनची डॉक्युमेंटं तयार करून देते, ऑफिसचं काम, पगार बरा. दुसरी प्लँटवर ट्रेनी सेफ्टी ऑफिसर, शिफ्ट ड्युटी. घरचे म्हणतात पहिलीच घे. आणि लीड ऑडिटरचा, म्हणजे ऑडिट टीमच्या प्रमुखाचा, कोर्स आत्ताच करून टाकू का?"

अगं, आधी त्या २०.९ चं बघू, कारण तुझा सगळ्यात जास्त भर त्याच्यावर आहे आणि नेमका तोच पुरावा कच्चा आहे. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्केच असतो. मीटर धड असेल आणि टँक व्यवस्थित व्हेंटिलेट केलेला असेल तर रोज २०.९ च यायला हवं, उलट एखाद्या दिवशी १९.८ आलं तर १९.५ ची किमान मर्यादा पाळली गेली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, तो एक टक्का गेला कुठे, कुठला गॅस त्याची जागा घेऊन बसलाय ते शोधायचं. म्हणजे तू ऑडिटर असतीस आणि "रीडिंग रोज सारखं म्हणून बोगस" असं रिपोर्टात लिहिलं असतंस तर प्लँटमधल्या कुणीही दोन मिनिटांत तुला गप्प केलं असतं आणि मग तुझे बाकीचे खरे मुद्दे पण कुणी ऐकले नसते.

मग तिथे बघायचं काय? त्या दिवशी मीटर वापरायच्या आधी बंप टेस्ट, म्हणजे थोडा गॅस सोडून मीटर दाद देतो का ते बघणं, झाली होती का, कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली नाही ना, टेस्ट कामाच्या आधी झाली की काम सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने. आणि बऱ्याच गॅस मीटरच्या पोटात स्वतःची मेमरी असते, ती डाऊनलोड करून रजिस्टरच्या शेजारी ठेवायची. रजिस्टर म्हणतंय सकाळी ९ ला टेस्ट झाली आणि मीटर म्हणतंय मी परवापासून बंदच आहे, की मग बोला. तसंच टेस्ट करणाऱ्याची सही बघ आणि त्या दिवसाचा हजेरीपट मागव, माणूस रजेवर आणि सही हजर असं बऱ्याचदा सापडतं. सुट्टीच्या दिवशीची नोंद, एकाच वेळी दोन टोकांच्या दोन टँकवर एकाच माणसाची सही, हे असले पुरावे टिकतात.

तीन महिन्यांची रजिस्टरं एका बैठकीत भरली ते मात्र तू डोळ्यांनी बघितलंयस, ती खोटी नोंदच, तिथे तुझं बरोबर आहे.

आता तुझा मोठा प्रश्न. कंपन्या नियम कितपत पाळतात, याचं एका आकड्यात उत्तर कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. एकच कंपनी पर्यावरणाच्या बाबतीत काटेकोर आणि कॉन्ट्रॅक्ट कामगारांच्या सेफ्टीत ढिसाळ असू शकते, दिवसपाळीत सगळं नीट आणि रात्रपाळीत उंचावर काम करताना कुणी हार्नेसचा पट्टा पण लावत नाही असं असू शकतं. आणि कागदावर पाळणं आणि जागेवर पाळणं यात अंतर असतंच, कुठे वीतभर, कुठे मैलभर. ते अंतर किती आहे हे शोधून काढणं हेच तर या पेशाचं काम आहे. तुला नाटक दिसलं म्हणून तू बाहेर पडायला निघालीयस, मी म्हणते तुला ते दिसलं म्हणूनच तू इथे यायला हवंस, कारण अर्ध्या लोकांना ते दिसतच नाही आणि उरलेल्यांना बघायचं नसतं.

हे अंतर मैलभर असेल तर काय होतं ते कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात दिसलं. ११ सप्टेंबर २०१२ ला आग लागली, अडीचशेहून जास्त कामगार गेले, खिडक्यांना गज, बाहेर पडायच्या वाटा बंद. आणि या कारखान्याला काही आठवडे आधीच एसए ८००० हे सर्टिफिकेट मिळालेलं, जे खास कामगारांच्या कामाच्या परिस्थितीबद्दलच असतं. गज काही त्या मधल्या आठवड्यांत बसवले नसणार ना. असं कसं होतं तर त्याची कारणं काही गूढ नाहीत, बहुतेक ठिकाणी ऑडिटची तारीख आधी कळवलेली असते, ज्याची तपासणी करायची तोच फी देतो, वेळ दोन-तीन दिवसांचा, कामगाराशी बोलायचं ते पण सुपरवायझर शेजारी उभा असताना. हे माहीत असूनच या क्षेत्रात यायचं.

पण दुसरी बाजू पण ऐक, आणि ही मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. ऑपरेशनच्या वेळी करायची एक चेकलिस्ट जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणली, पेशंट तोच ना, बाजू तीच ना, अँटिबायोटिक दिलं का, अशी साधी. वेगवेगळ्या देशांतल्या आठ हॉस्पिटलांत करून बघितली तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले, २००९ मध्ये ते छापून आलं आणि जगभर गाजलं. मग कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ती सरसकट लागू झाली, १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास २०१४ मध्ये आला, आणि मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरकच नाही! आणि गंमत बघ, चेकलिस्ट पाळतो असं हॉस्पिटलांनी स्वतः कळवलेलं प्रमाण होतं ९२ ते १०० टक्के. यावर डॉक्टर लोक अजून भांडतात, कुणी म्हणतं अभ्यासाचा काळ कमी होता, कुणी म्हणतं तिथले मृत्यू मुळातच कमी होते, पण बऱ्याच जणांनी यावरच बोट ठेवलं की टिक मारणं वेगळं आणि सगळ्या टीमने थांबून एकमेकांना विचारणं वेगळं. कागद तोच, चौकटी त्याच. तर नियम निरुपयोगी नसतात आणि नुसते लागू करून पण भागत नाही, आणि यातलं नक्की काय चाललंय हे कुणीतरी ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. ते कुणीतरी म्हणजे उद्याची तू, हॉस्पिटलात नसलीस तरी.

आकड्यांबद्दल अजून एक, कारण मुलाखतीला जाशील तिथे गेटवरच बोर्ड दिसेल, "अपघाताविना इतके दिवस". २० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझन हा तेलाचा रिग मेक्सिकोच्या आखातात पेटला, ११ माणसं गेली, त्याच दिवशी कंपन्यांचे मोठे अधिकारी रिगवर आलेले होते आणि सात वर्षं कामगाराला कामावर येता येणार नाही अशी एकही इजा झाली नाही याचं कौतुक चाललेलं. ते कौतुक खोटं नव्हतं. पण हात कापणं, पाय घसरणं मोजून तेलविहिरीतला प्रेशर कळत नाही, ते वेगळं मोजावं लागतं. त्यामुळे शून्य दिसलं की लगेच भारावून जाऊ नकोस, विचार की थोडक्यात वाचलो असे किती प्रसंग गेल्या महिन्यात नोंदवले. तिथे पण शून्य असेल तर लोक सांगायला घाबरतात असं समज.

आता ऑफर. मी तुझ्या घरच्यांच्या विरोधात जातेय, पण प्लँटची घे.

कन्सल्टन्सी वाईट असते असं नाही, चांगल्या पण असतात. पण तू वर्णन केलंयस त्यावरून हिचं काम म्हणजे मागच्या क्लायंटची मॅन्युअल उघडायची, नाव बदलायचं, लोगो बदलायचा, पुढच्याला द्यायची. दोन वर्षांनी तुला आयएसओ ४५००१ या कामगार सुरक्षेच्या स्टँडर्डची कलमं तोंडपाठ असतील आणि दुरुस्ती चालू असताना कुणी उघडू नये म्हणून व्हॉल्व्ह लॉक करून टॅग लावणं म्हणजे प्रत्यक्षात किती कटकट असते, माणूस ते का टाळतो, हे माहीत नसेल. ज्या नाटकाला तू कंटाळलीयस त्याच्या संहिता लिहायचं काम आहे ते.

प्लँटवर तू शिफ्ट बदलताना काय काय गळतं ते बघशील. उत्तर समुद्रातला पायपर अल्फा प्लॅटफॉर्म ६ जुलै १९८८ ला जळाला, १६७ माणसं गेली, तिथे वर्क परमिटची, म्हणजे धोक्याच्या कामाआधी लेखी परवानगी घ्यायची, पद्धत होतीच की. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला, त्याचं परमिट वेगळं, पंपाचं वेगळं, संध्याकाळच्या हँडओव्हरमध्ये व्हॉल्व्हचं बोलणं झालंच नाही, रात्री दुसरा पंप बंद पडला म्हणून हा सुरू केला आणि तिथूनच गळती होऊन पेट घेतला. हे तू कॉलेजात वाचलं असशील. पण हँडओव्हरच्या वेळी दमलेला माणूस बॅग खांद्याला लावून, एक पाय दाराबाहेर ठेवून "सगळं ओके" म्हणतो आणि निघतो, ते रोज बघितलंस की पुढे ऑडिटर म्हणून कुठे वेळ घालवायचा ते आपोआप कळतं. फायलींच्या खोलीत दोन तास कमी, शिफ्ट सुटायच्या वेळी गेटजवळ अर्धा तास जास्त.

कोर्सचं विचारलंयस. लीड ऑडिटरचा कोर्स बहुतेक पाच दिवसांचा असतो, परीक्षा असते, चांगला असतो, पण आत्ता नको. कोर्स पास झालीस म्हणून कुणी तुला लीड ऑडिटर म्हणून पाठवत नाही, त्यासाठी अनुभव आणि अनुभवी माणसाच्या हाताखाली केलेली ऑडिटं लागतात. दोन वर्षं काम कर, आतलं ऑडिट कंपनीतच करायला मिळतं ते कर, मग कोर्स केलास तर वर्गात तू प्रश्न विचारशील, नुसत्या नोट्स घेणार नाहीस. त्याआधी काही करायचंच असेल तर नेबॉश या ब्रिटिश परीक्षा संस्थेचं इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट बघ, सेफ्टीतल्या नोकऱ्यांना ते बऱ्याच देशांत विचारतात. आणि आयएसओ १९०११ नीट वाच, ऑडिट कसं करावं याचंच ते मार्गदर्शन आहे. पुढे सेफ्टीतच राहायला हवं असं पण नाही, फार्माची क्वालिटी आहे, लॅबोरेटरीचं आयएसओ १७०२५ आहे, इन्फर्मेशन सिक्युरिटीचं २७००१ आहे, केमिकलवाल्यांना पहिल्या दोन सहज जमतात.

एक सवय मात्र आजपासून लाव, लिहिण्याची. "फायर सेफ्टी समाधानकारक नाही" असं लिहिलेला रिपोर्ट कचऱ्यात जातो. "पॅकिंग विभागात १२ पैकी ३ फायर एक्स्टिंग्विशरसमोर पॅलेट रचलेले होते, एकाच्या गेजचा काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली होता, तरी त्याच्या टॅगवर चालू महिन्याची तपासणीची सही आहे", हे लिहिलंस की वाद घालायला जागा उरत नाही. आणि त्यातला शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण काटा खाली असणं ही दुरुस्तीची गोष्ट आहे, पण न बघता सही झाली असेल तर बाकीच्या सगळ्या सह्यांवर पण शंका येते, मग तुला नमुना वाढवून, म्हणजे आणखी नोंदी काढून, बघावं लागतं.

तुला कधी ना कधी मागच्या तारखेची सही मागणार, हे धरून चाल. नवीन पोरांकडेच आधी मागतात. तेव्हा तत्त्वज्ञान सांगत बसू नकोस, भांडू पण नकोस, सरळ म्हण "सर, आज तपासून आजच्या तारखेने सही करते, मागची नोंद राहिली असा शेरा लिहिते." राहून गेलेली नोंद ऑडिटमध्ये बऱ्याचदा किरकोळ त्रुटी ठरते, कंपनी सुधारणा दाखवते, विषय मिटतो. खोटी नोंद पकडली गेली तर ती किरकोळ राहत नाही, आणि खाली सही तुझी असते, सांगणाऱ्याची नसते. हे साहेबांना पण पटवता येतं बरं का, बरेचसे साहेब दुष्ट नसतात, घाबरलेले असतात. तरी दबाव आलाच तर ईमेलवर विचार, "आपण सांगितल्याप्रमाणे अमुक तारीख टाकू का?" त्याचं लेखी उत्तर सहसा येत नाही.

प्लँटवाल्यांना हो म्हणायच्या आधी दोन गोष्टी विचारून घे. सेफ्टी डिपार्टमेंट रिपोर्ट कुणाला करतं? प्रॉडक्शन हेडच्या हाताखाली असेल तर जरा जपून, प्लँट हेडकडे किंवा थेट कॉर्पोरेटला असेल तर बरं. आणि दुसरं, गेल्या वर्षभरात सेफ्टीवाल्यांनी काम थांबवलं असं शेवटचं कधी झालं आणि कशावरून. दुसऱ्याचं उत्तर पटकन आणि किश्श्यासकट आलं तर बिनधास्त जॉईन हो. "आमच्याकडे तशी वेळच येत नाही" असं आलं, तर मला परत लिही, तिसरी ऑफर शोधायला लागू.