‘समर्पित आई’ म्हणावं का?

प्रश्न : आईला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. गावाकडच्या वर्तमानपत्रात स्मरण छापायचं आहे. इथे अमेरिकेत भावाने इंग्रजीत ‘डिव्होटेड मदर अँड ग्रँडमदर’ असं लिहिलं होतं. त्याचं ‘समर्पित आई व आजी’ केलं तर चालेल का? नावाआधी ‘कै.’ लिहावं की ‘गं. भा.’? आणि आम्ही तिला ‘अगं आई’ म्हणायचो, त्यामुळे ‘त्यांचे’ लिहिताना हात अडखळतो. आम्हा दोघी बहिणींच्या बाळंतपणाला ती इथे येऊन राहिली होती, तेही कुठेतरी यावं असं वाटतं.

उत्तर : ‘समर्पित’ नको. सम् + अर्पित, म्हणजे वाहिलेलं, अर्पण केलेलं. देवाला समर्पित फूल, लोकसेवेला समर्पित आयुष्य अशा प्रयोगांत कुणाला वाहिलं ते सोबत सांगावं लागतं. नुसतं ‘समर्पित आई’ म्हटलं की ऐकणारा ‘कशाला?’ म्हणून थांबतो. शिवाय ‘समर्पित कार्यकर्ता’ वगैरे प्रयोग संस्था-संघटनांच्या भाषेत रुळलेले आहेत. तो शब्द आईला लावला की स्वयंपाकघरातल्या माणसाला व्यासपीठावर नेऊन बसवल्यासारखं होतं.

विशेषणच हवं असेल तर ‘मायाळू’ आणि ‘वत्सल’ हे दोन चांगले आहेत. संस्कृतात माया म्हणजे मुख्यतः भ्रम. मराठीनं मात्र तो शब्द घरात घेतला आणि त्याला जिव्हाळ्याचा अर्थ दिला : माया लावणं, माया करणं, मायेचं माणूस. ‘वत्सल’ वत्सापासून आला, म्हणजे वासरापासून. आपला ‘वासरू’ हा शब्दही त्याच मुळाचा. वासराकडे ओढ घेणाऱ्या गाईचा भाव त्यात आहे, म्हणून तो आईला शोभतो. ‘वात्सल्यमूर्ती’, ‘मायेचा सागर’ हे मात्र इतके छापून झालेत की वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावरून नुसती घसरते.

पण माझं खरं मत वेगळं आहे. तुमच्या भावाला जे म्हणायचं होतं, त्यासाठी मराठीत विशेषण शोधत बसूच नये. त्यासाठी आपल्याकडे एक क्रियापद आहे, आणि तेही अगदी साधं : करणं. ‘तिनं सासूचं केलं, दिरांचं केलं, लेकीसुनांचं केलं, नातवंडांचं केलं.’ या वाक्यात काय केलं ते सांगितलेलंच नाही. कर्म गाळलेलं आहे आणि त्या रिकाम्या जागेत सगळं येतं : न्हाऊमाखू घालणं, भरवणं, पथ्यपाणी, दुखण्याखुपण्यात उशाशी बसणं, रात्री उठून पांघरूण सारखं करणं. ‘एखाद्याचं करणं’ या षष्ठीच्या प्रयोगात प्रेम, कष्ट आणि नेम तिन्ही एकत्र आहेत. नुसतं ‘प्रेम केलं’ म्हटलं तर कष्ट राहून जातात, ‘सेवा केली’ म्हटलं तर घरगुतीपणा जातो.

आणि याच क्रियापदाची दुसरी बाजू भेटायला येणाऱ्या बायकांच्या तोंडून हमखास ऐकू येते : ‘सगळ्यांचं केलं, पण कुणाकडून करून घेतलं नाही हो.’ जी चालतीबोलती गेली, जिचं अंथरुणावर कुणाला करावं लागलं नाही, तिच्याबद्दल हे म्हणतात. मोठ्या शोकसभेत होणार नाही एवढा गौरव या एका वाक्यात होतो. तुमच्या आईला हे लागू असेल तर जरूर लिहा. शेवटचे महिने तुम्हाला तिचं करावं लागलं असेल, तर ‘तिनं सगळ्यांचं केलं, शेवटी तिचं करायला मिळालं’ असंही म्हणता येईल. त्यातल्या ‘मिळालं’ या शब्दाला किती अर्थ आहे, ते ज्यांनी केलंय त्यांना कळेल.

बाळंतपणाचंही तसंच. मराठीत लेक बाळंत होते आणि आई तिचं बाळंतपण ‘करते’. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेकशेगडी, बाळाची टाळू भरणं, पायांवर घेऊन अंघोळ घालणं हे सगळं त्यात आलं. परक्या देशात, जिथे घराबाहेर भाषा कळत नाही आणि शेजारी कुणी ओळखीचं नाही, तिथे महिनोन्‌महिने राहून तिनं हे केलं. जाहिरातीत ‘लेकींची बाळंतपणं सातासमुद्रापार येऊन केली’ एवढी एक ओळ पुरे. वाचणाऱ्या गावच्या बायका उरलेलं ओळखतील.

आजी म्हणून लिहिताना दोन ओळी वेगळ्या काढायची गरज नाही. हिंदीसारखे दादी-नानी असे दोन शब्द रोजच्या मराठीत नाहीत. मुलाची मुलं आणि लेकीची मुलं दोघांनाही ती आजीच, आणि तिला दोन्हीकडची नातवंडंच. नातवंडांना ‘दुधावरची साय’ म्हणतात, तो वाक्प्रचार जुना असला तरी अजून ताजा आहे. पतवंडं झाली असतील तर तीही घ्या. आणि नातवंडं तिला दुसऱ्या नावानं हाक मारत असतील (माई, आक्का, बाय, मोठी आई, जे काही असेल ते) तर तेच नाव छापा. जात्यावरच्या ओव्यांत आईला ‘बया’ म्हटलेलं ठायी ठायी सापडतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि करवल्या. त्या बायकांना कधी ‘मातोश्री’ लागली नाही.

आता ‘ती’ आणि ‘त्या’. तुमचा हात अडखळतो ते अगदी बरोबर आहे. बहुतेक मराठी घरांत वडील ‘अहो’ आणि आई ‘अगं’. तीच बाई सुनेला मात्र ‘अहो आई’ असते. मग मुलगा, सून, लेक, जावई सगळे मिळून मजकूर देतात तेव्हा सर्वनामाचा पेच पडतो. यावर सोपी वाट म्हणजे वरचं नाव आणि तारीख आदरार्थी ठेवायची (‘यांचे प्रथम पुण्यस्मरण’) आणि खालचा मजकूर थेट तिला उद्देशून लिहायचा :

‘आई, आमचं केलंस, आमच्या लेकरांचं केलंस. सातासमुद्रापार येऊन लेकींची बाळंतपणं केलीस. दुधावरची साय तुझ्या मांडीवर वाढली.’

सुनेला आणि जावयाला ‘तू’ जड जात असेल तर खाली मुलं व नातवंडं एवढीच नावं द्या आणि वर ‘समस्त परिवार’ घाला.

नावाआधीचं. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. स्त्रीसाठी संस्कृताप्रमाणे ‘कैलासवासिनी’ व्हावं असं कुणी सुचवेल, पण मराठीत ‘कै.’ दोघांनाही चालतं. वारकरी घरात ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी, लिंगायतांत लिंगैक्य, बौद्धांत कालकथित, ख्रिस्ती कुटुंबांत ख्रिस्तवासी. घरची रीत असेल ते घ्या. कशाशीच बांधायचं नसेल तर ‘दिवंगत’ आहे.

‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी. जुन्या पत्रांत विधवा स्त्रीच्या नावाआधी आदरानं लिहीत. आदर होता हे खरं, तरी मी आज तो लिहू नका असंच म्हणेन. नवरा आधी गेला एवढंच तो सांगतो. बायको आधी गेलेल्या पुरुषाला असं काही लागत नाही, तो ‘श्री.’ होता तसाच राहतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याचा विचार मंत्रालयातून पुढे आला तेव्हा त्याला जोरदार विरोध झाला. आईनं स्वतःहून तो हौसेनं लावला असेल तरच ठेवा. एरवी ‘कै.’ आणि तिचं पूर्ण नाव पुरेसं आहे. माहेरचं आडनावही घातलंत तर मला व्यक्तिशः आनंद होईल, कारण गावाकडे तिला त्याच नावानं ओळखणारी माणसं अजून असतील.

छापायला देण्याआधी शुद्धलेखन एकदा पाहा. ‘श्रद्धांजली’त द ला ध जोडलेला आहे, ‘श्रध्दांजली’ चूक. ‘स्मृती’ एकटी असताना दीर्घ, पण ‘स्मृतिदिन’, ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ यांत ऱ्हस्व. ‘शोकाकुल’मधला कु ऱ्हस्व. ‘पुण्यतिथी’ लिहिणार असाल तर तो शब्द तिथीचा आहे, आणि तिथी व इंग्रजी तारीख सहसा एकाच दिवशी येत नाहीत. गावचे लोक तिथीला येतील, तुम्ही अमेरिकेत तारखेला दिवा लावाल, तेव्हा दोन्ही छापा.