दम्याच्या माणसानं हिवाळ्यात काठमांडूला राहायला जावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडिलांना जुना दमा आहे, ग्वाल्हेरचा हिवाळा त्यांना सोसत नाही, भाऊ काठमांडूत नोकरीला आहे, तर डिसेंबर ते फेब्रुवारी त्यांना तिकडे ठेवावं का? डोंगरातली हवा चांगलीच असणार ना?

नका ठेवू. मी इथलीच, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली. नवऱ्याच्या नोकरीमुळे २०१८ ते २०२२ काठमांडूत होते आणि नेमकी हीच चूक आम्ही अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, बाबतीत केली.

अण्णांचा नेम म्हणजे पहाटे साडेपाचला मफलर गुंडाळून फिरायला निघायचं. ऐन जानेवारीत तिथेही तेच. तिसऱ्या दिवशी परत आले ते जिन्यातच बसले. नाकाला धरलेला पांढरा हातरुमाल खाली घेतला, तर त्यावर दोन काळे ठिपके. “बर्फाचे डोंगर दिसतात म्हणाली होतीस ना?” एवढंच बोलले. डोंगर कुठले, समोरच्या गल्लीतली पाण्याची टाकीसुद्धा धड दिसत नव्हती.

काठमांडू उंचावर आहे, साधारण १४०० मीटर, पण वसलंय ते वाडग्याच्या तळाशी. फुलचोकी, शिवपुरी हे भोवतालचे डोंगर २७०० मीटरच्या वर जातात. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं गार होते, उतारावरची थंड, जड हवा घरंगळत खाली येऊन साचते आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. मग गाड्यांचा धूर, रस्त्याची धूळ, जाळलेला कचरा, सगळं त्याच्याखाली कोंडतं. खोऱ्यात, विशेषतः भक्तपूर-ललितपूरच्या बाजूला, विटांच्या भट्ट्या आहेत. त्याही पाऊस संपल्यावर, थंडीतच पेटतात. हे खोरं पूर्वी तळं होतं आणि मंजुश्री या बोधिसत्त्वानं चोभारला तलवारीनं डोंगर कापून पाणी सोडून दिलं, अशी तिथली कथा आहे. पाण्याला वाट मिळाली, हवेची सोय करायची राहिली.

म्हणून तिथे सकाळचं फिरणं सगळ्यात वाईट. ऊन चढलं की झाकण उचललं जातं, दुपारी पश्चिमेकडून वारा सुटतो आणि दोन-तीन तास हवा बरी असते. संध्याकाळी पुन्हा तेच. अण्णांना आम्ही दुपारी दोनला फिरायला पाठवायचो. ‘ही काय फिरायची वेळ?’ म्हणून ते रोज कुरकुरायचे, पण खोकला निम्म्यावर आला. कापडी मास्क किंवा तोंडावर गुंडाळलेलं उपरणं बारीक कणांपुढे कुचकामी. एन-९५ घट्ट बसला तरच उपयोग.

थंडी सरली की सुटलो असंही नाही. मार्च-एप्रिलमध्ये जंगलांना वणवे लागतात आणि पाऊस लांबला तर तो धूर खोऱ्यात भरतो. २०२१ च्या मार्चअखेर हवेपायी नेपाळभर चार दिवस शाळा बंद ठेवल्या होत्या. आमच्या गच्चीवरच्या तुळशीचं पान बोटानं पुसलं तर बोट राखाडी व्हायचं. मे महिन्यात वळवाच्या सरी येतात तेव्हा कुठे बरं वाटू लागतं. जून ते सप्टेंबर हवा धुतलेली असते, फक्त घरात ओल आणि बुरशी. दम्याला तीही चालत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता आकड्यांचा एक घोळ. तुम्ही ग्वाल्हेरचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, भारतीय ॲपवर आणि काठमांडूचा परदेशी ॲपवर बघत असाल, तर ती तुलना फसवी आहे. पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचं, प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या मोजपट्टीवर एक्यूआय १०० येतो, म्हणजे ‘समाधानकारक’. अमेरिकी मोजपट्टीवर तीच हवा १५० च्या पुढे, ‘अपायकारक’. तेव्हा दोन्हीकडे पीएम २.५ चा मूळ आकडाच बघा. आपलं गावही काही कमी नाही म्हणा, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पीएम २.५ च्या यादीत जगात दुसरं आलं होतं. इथे वाडगं नसलं तरी थंडीत धुकं आणि धूर दोन्ही जमिनीलगत बसतात, जवळच्या डबरा गावाकडे धानाची पराळी, म्हणजे कापणीनंतर उरलेली धसकटं, जळते. म्हणजे दोन्ही गावांचे वाईट महिने जवळजवळ तेच. शिवाय काठमांडूत रात्री पारा दोन-तीन अंशांवर उतरतो आणि बहुतेक घरांत उबेची सोय नसते.

हिवाळ्यातच हवापालट हवा असेल तर कोकणात समुद्राजवळ कुणी नातेवाईक आहे का बघा, शहरापासून लांब. भावाकडे जायचंच असेल तर सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. डॉक्टरांना विचारून, पंप आणि औषधं महिनाभर जास्तीची बरोबर देऊन. त्या दिवसांत तिथे दसाईं, म्हणजे नेपाळी दसरा, असतो, गच्च्यांवर पोरं पतंग उडवतात आणि भट्ट्या अजून पेटलेल्या नसतात. दुसऱ्या खेपेला अण्णांना आम्ही ऑक्टोबरमध्येच नेलं. पहिल्याच सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर गेले आणि तिथूनच हाक मारली, “अगं, तो पांढरा दिसतोय तो कोणता?” गणेश हिमाल होता.