अंतर्गाभा मैदानावर आखायचा कसा?

प्रश्न : पृथ्वीचं अंतरंग शिकवताना मुलं हमखास दोन गोष्टी विचारतात. आत जावं तशी उष्णता वाढते, मग गाभ्याचा बाहेरचा थर, म्हणजे बाह्यगाभा, पातळ (द्रव) आणि त्याच्या आतला अंतर्गाभा घट्ट कसा? आणि तिथं कुणी जाऊन बघितलंय का? थर्माकोलचा गोल करावा का?
— एक शिक्षिका, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : थर्माकोलचा गोल दिसतो छान, पण थर मनाला येतील तसे रंगवले जातात आणि भूकवच बोटभर जाड होतं. त्यापेक्षा मैदानावर आखा. प्रमाण धरा : १ मीटर म्हणजे १००० किलोमीटर. सामान म्हणजे एक खुंटी, मोजपट्टी, मैदान आखायची फक्की आणि बाइंडिंगची तार. सुतळी ताणली की लांबते, म्हणून तार बरी. पूर्ण वर्तुळाला जवळपास १३ मीटर जागा लागते; तेवढी नसेल तर कोपऱ्यात साडेसहा मीटरवर पाव वर्तुळ काढा, तेवढ्यानं भागतं.

खुंटीपासून १.२२ मीटरवर पहिली रेघ, आतला भाग अंतर्गाभा. ३.४८ मीटरवर दुसरी, तिथं बाह्यगाभा संपतो. ६.३७ मीटरवर जमीन. दुसऱ्या रेघेपासून जमिनीपर्यंतचा सगळा पट्टा प्रावरणाचा. चुका दोन ठिकाणी होतात. मुलं पुढची रेघ आधीच्या रेघेपासून मोजतात. प्रत्येक माप खुंटीपासूनच घ्यायला लावा. दुसरं, तार खुंटीला गच्च बांधली तर फिरताना गुंडाळत जाते, त्रिज्या कमी होते आणि वर्तुळाची टोकं जुळत नाहीत. सैल फास ठेवा.

भूकवचासाठी वेगळी रेघ नकोच. आपल्याकडे त्याची जाडी साधारण ३५-४० किलोमीटर, म्हणजे इथं जेमतेम ४ सेंटीमीटर. बाहेरची फक्कीची रेघच तेवढी रुंद ओढा. मग विचारा, आपला ६०० फुटांचा बोअर यात कुठं? उत्तर येतं ०.१८ मिलिमीटर. रशियातलं कोला इथलं १२,२६२ मीटरचं छिद्रसुद्धा सव्वा सेंटीमीटरच भरतं. ‘जाऊन बघितलंय का’ याचं उत्तर मुलं इथंच स्वतः देतात.

घट्टपणाचं कारण दाब. जमिनीवर लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. अंतर्गाभ्यात तापमान पाच हजार अंशांच्या वर आहे, पण दाब हवेच्या दाबाच्या ३२ लाख पटींहून जास्त, आणि एवढ्या दाबाखाली लोखंडाचा वितळणबिंदू त्याहूनही वर सरकतो. बाह्यगाभ्यात दाब तुलनेनं कमी, म्हणून तिथलं लोखंड पातळ राहतं. मुलांना कुकर आठवून द्या : आत पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपास जातं. बर्फाचा प्रयोग मात्र टाळा. दाबाखाली बर्फ वितळतो, म्हणजे नेमका उलटा धडा मिळतो.

आता कळलं कसं? भूकंपाच्या लहरी दोन प्रकारच्या : आधी पोचणाऱ्या त्या प्राथमिक, मागून येणाऱ्या त्या दुय्यम. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. त्यावरून बाह्यगाभा पातळ असल्याचं कळलं. प्राथमिक लहरी गाभ्यात वळतात, त्यामुळे पृथ्वीच्या एका पट्ट्यात त्या पोचायला नकोत. पण न्यूझीलंडमधल्या १९२९ च्या भूकंपाच्या नोंदींत तिथंही क्षीण लहरी दिसल्या. आत काहीतरी वेगळं आहे, त्यावर आपटून त्या परत फिरतात, हे डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी १९३६ मध्ये मांडलं. मैदानावर एक मूल लहर होऊन चालू द्या : ‘दुय्यम’ असेल तर दुसऱ्या रेघेवर थांबायचं, ‘प्राथमिक’ असेल तर आत जायचं.

प्रश्न : आमच्याकडचा काळा दगड गाभ्यातूनच वर आला का? आणि किल्लारीचा भूकंपही तिथूनच?
— एक पालक, उमरगा

उत्तर : दोन्ही नाही. हा काळा दगड म्हणजे बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो लाव्हा प्रावरणाच्या वरच्या भागातला, गाभ्यातला नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचं केंद्रही दहा-एक किलोमीटरच्या आत, म्हणजे भूकवचातच होतं. अशा मोठ्या भूकंपाच्या लहरी मात्र पार अंतर्गाभ्यातून आरपार जाऊन पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूच्या यंत्रांवर उमटतात.