पोट फुगलंय, पण मलेरिया नाही, मग काय?

प्रश्न : ताई, मी भांडुपला असतो, भाऊ गावाला, शहाद्याजवळ. त्याचा पाच वर्षांचा मुलगा, पोट सारखं वाढतंय. दोनदा मलेरियाची औषधं झाली, गेल्या महिन्यात रक्त चढवलं, सिकलसेल निगेटिव्ह. आता एक डॉक्टर म्हणाले गोशे नावाचा दुर्मिळ आजार असू शकतो, तर दुसरे म्हणतात पानथरीच (प्लीहा) काढून टाका. वहिनी आमच्या सख्ख्या मामाचीच मुलगी. लेकराला मुंबईला आणू का? खर्च कसा झेपेल?

उत्तर : दादा, आधी ऑपरेशन थांबवा, म्हणजे इमर्जन्सी नसेल तर. गोशेत एक एन्झाइम, म्हणजे शरीरातले पदार्थ फोडणारं रसायन, कमी पडतं, मग चरबीसारखा एक पदार्थ पानथरीत, लिव्हरमध्ये, हाडांच्या आत साचत जातो, त्यामुळे पोट मोठं, प्लेटलेट कमी, हाडं दुखतात. पानथरी काढली तरी साचणं काही थांबत नाही, उलट हाडांचा त्रास वाढू शकतो. आपल्याकडे मलेरिया नि सिकलसेल इतके की तिसरं काही कुणाच्या डोक्यातच येत नाही, त्यात त्या डॉक्टरांना आलं हे नशीबच म्हणायचं. पण थॅलेसेमिया, ब्लड कॅन्सर हेही बघावं लागतं हं.

पक्कं निदान एन्झाइमच्या टेस्टनेच होतं. त्यासाठी लगेच लेकराला रेल्वेत बसवायची गरज नाही, रक्ताचे थेंब जाड कागदाच्या कार्डावर घेऊन पाठवता येतात, फक्त ते कार्ड सावलीत आडवं ठेवून तीन-चार तास नीट वाळवायचं, उन्हात नाही, ओलं असताना पाकिटात तर अजिबात नाही. आणि रक्त कधी चढवलं ती तारीख फॉर्मवर लिहायलाच लावा, दुसऱ्याच्या रक्तातल्या पेशींमुळे रिपोर्ट फसवा येऊ शकतो. नंदुरबारच्या सिव्हिलला बालरोगवाल्यांकडून चिठ्ठी घ्या, सोबत सोनोग्राफी आणि सगळे जुने सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजल्याचे रिपोर्ट.

रिपोर्टमध्ये गोशे निघाला तर मात्र परळच्या केईएमला यावंच लागेल, दुर्मिळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणात ते सेंटर ऑफ एक्सलन्स, म्हणजे अशा आजारांसाठी नेमलेलं खास केंद्र आहे, नोंदणी तिथेच होते. २०२२ पासून सरकारी मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे. ऐकायला खूप वाटतं ना, पण यावरचा उपचार म्हणजे कमी पडणाऱ्या एन्झाइमचं सलाइन, ते दर पंधरा दिवसांनी, जन्मभर, डोस वजनावर, म्हणजे पोरगं वाढलं की खर्चही वाढला. त्या हिशोबात ५० लाख लवकर संपतात, हे धोरणाचं दुखणं आहे आणि ते भावाला आधीच सांगा. २०२३ मध्ये गोशेवरच्या एलिग्लुस्टॅट या कॅप्सूलचं भारतात बनलेलं औषध आलं, पुष्कळ स्वस्त, पण ते मुख्यतः मोठ्यांसाठी.

मामाच्या मुलीशी लग्न केल्याचा दोष आता कुणी वहिनीला देऊ नका. आईबाप दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नसून बिघडलेला जीन अंगात असला, की प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची २५ टक्के शक्यता असते, मुलगा असो की मुलगी. पुढचं मूल हवं असेल तर आधी या मुलाची जीन टेस्ट करून घ्या, बदल कुठला ते कळलं की पुढच्या वेळी साधारण ११व्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी होऊ शकते. आत्ताच दिवस गेलेले असतील तर ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा.