फी कोणाकडून घ्यायची, ते आधी ठरव

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजातली नोकरी सोडून स्वतंत्र आर्ट अ‍ॅडव्हायझर, म्हणजे चित्रं घेणाऱ्यांची सल्लागार, व्हायचं तुझ्या मनात आहे, आणि पहिल्याच खरेदीवर एका गॅलरीने तुला कमिशन देऊ केलंय, हे वाचलं. ते कमिशन घेऊ नकोस. बाकी सगळं हळूहळू शिकशील, पण हे आजच ठरवून टाक. घेणारा फी देतोय ना, मग विकणाऱ्याकडून एक रुपयाही नाही. फी किती, कशाची, हे कागदावर असू दे. खरेदी झाली नाही तरी फी मिळेल, हे कलम त्यात हवंच. तुझं निम्मं काम ‘हे घेऊ नका’ असं सांगण्याचं असणार. ते सांगून पदरचे पैसे जात असतील, तर एखाद्या दिवशी जीभ अडखळेलच.

2009 मध्ये दिल्लीत चित्रकार रझांच्या सुरुवातीच्या कामांचं प्रदर्शन भरलं होतं. रझा स्वतः तिथे गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की बहुतेक चित्रं त्यांची नव्हतीच. चित्रकार हयात होता म्हणून उलगडा झाला. सूझा, गायतोंडे हे चित्रकार तर हयात नाहीत, त्यांच्या बाबतीत आता कोणाला विचारणार?

इथे तू शिकलेला इतिहास कामाला येतो. चित्र समोरून मनसोक्त बघ, मग उलटं करायला सांग. गायतोंडेंची सही बहुतेकदा कॅनव्हासच्या मागेच सापडते, कित्येकदा देवनागरीतही. स्ट्रेचरचं (कॅनव्हास ताणलेल्या चौकटीचं) लाकूड, खिळ्यांवरचा गंज, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाचं अर्धवट फाटलेलं लेबल, सगळ्याचे फोटो काढ. मग ग्रंथालयात बसून त्या वर्षाचा कॅटलॉग शोध. शीर्षक आणि माप जुळतंय का बघ. चित्र कोणाकडून कोणाकडे गेलं या साखळीत मधली वर्षं सापडत नसतील, तर सापडत नाहीत असंच अहवालात लिही. गोड शब्दांनी ती भोकं बुजवू नकोस.

लोक ‘पणजोबांचा रविवर्मा’ही दाखवतील. 1894 मध्ये सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसची चित्रं घरोघरी गेली. भिंग लावलंस की छपाईचे बारीक ठिपके दिसतात. ती ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्राची छापील प्रत, आहे हे सांगताना घाई करू नकोस. त्या घराने ती पिढ्यान् पिढ्या देव्हाऱ्यासारखी जपलेली असते. आणि खरंच मूळ तैलचित्र निघालं, तर अशी चित्रं देशाबाहेर नेण्यावर बंदी घालणारा 1972 चा कायदा आधी समजावून सांग. रविवर्मा, अमृता शेर-गिल, रवींद्रनाथ, नंदलाल बोस, जामिनी रॉय यांची कामं देशात विकता येतात, पण अमेरिकेतल्या मुलाकडे नेता येत नाहीत.

भाव मात्र तुला नव्याने शिकावे लागतील. वर्गात आपण ते कधी शिकवले नाहीत. 2013 मध्ये मुंबईतल्या ख्रिस्तीजच्या लिलावात गायतोंडेंचं चित्र 23.7 कोटींना गेलं, तो आकडा बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याने लिलावगृहाला वर द्यायची रक्कम, धरून होता. हातोडा पडला ती किंमत त्याहून कमी होती. हा फरक गिऱ्हाइकाला लिलावाआधी कळायला हवा. न विकली गेलेली चित्रंही वहीत टिपून ठेव, बाजाराबद्दल ती जास्त सांगतात.

माझं मन विचारशील, तर तू धुरंधर, हळदणकर, त्रिंदाद, आबालाल रहिमान या जुन्या चित्रकारांकडे वळावंस. जुने मराठी अंक, कुटुंबांतली पत्रं तुला वाचता येतात. बाहेरच्या सल्लागारांना येत नाहीत. या माणसांवर अजून किती काम व्हायचंय, याची मला फार खंत आहे.

ज्या चित्रकाराची चित्रं घ्यायला सुचवतेस, त्याच्यावर लेख लिहिलास तर तू ती सुचवतेस हे लेखातच सांग. नोकरी इतक्यात सोडू नकोस. विम्यासाठी, वाटण्यांसाठी मूल्यांकनाची कामं सुट्टीत करून बघ. कराराचा मसुदा झाला की पाठव, खुणा करून परत देते.

तुझी,
मॅडम